रस्ता कोणाच्या ताब्यात असावा? ग्रामपंचायत ते महापालिका, एका रस्तेसेवेचे परीक्षण

सार्वजनिक रस्ता ही अशी सेवा आहे की जिचा मोबदला आपण पेट्रोलच्या दरात, वाहनकरात आणि घरपट्टीत आगाऊ मोजलेला असतो, जी वापरल्यावाचून एक दिवस जात नाही, आणि तरीही ती पुरवणारा नेमका कोण असे विचारले तर बहुतेकांकडून "सरकार" एवढेच उत्तर येते. उपाहारगृहाचे किंवा दुकानाचे परीक्षण लिहिताना निदान पाटीवरून मालक कळतो. रस्त्याच्या बाबतीत मालक शोधण्यातच परीक्षणाचा निम्मा वेळ जातो. म्हणून महाराष्ट्रातील या सेवेकडे मी येथे एकाच प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहे. खड्डा बुजला की नाही हे तर दिसतेच. पण तो बुजवण्याचे काम ज्या पातळीवरच्या संस्थेकडे सोपवले आहे, तिच्याकडे ते असायला हवे होते का?

एखाद्या खेड्यातील घरातून निघून जिल्ह्याच्या शहरातील रुग्णालयात जायचे म्हटले, तर चाकांखालच्या रस्त्याचा मालक वाटेत पाच-सहा वेळा बदलतो. घरासमोरचा गावठाणातील सिमेंटचा रस्ता ग्रामपंचायतीचा. गावाबाहेर लागणारा ग्रामीण मार्ग आणि तो ज्याला मिळतो तो इतर जिल्हा मार्ग, म्हणजे बोलण्यातला 'इजिमा', जिल्हा परिषदेचा. पुढचा प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, पण त्यातही काही लांबी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि काही राज्याच्याच बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. आणि शहराच्या हद्दीत शिरल्यावर नगर परिषदेचा किंवा महापालिकेचा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहिला तर हा क्रम रंगांत वाचता येतो: ग्रामीण रस्त्यावर नारिंगी, राज्य महामार्गावर हिरवा, राष्ट्रीय महामार्गावर पिवळा. दगड नसला तरी हद्द कळतेच. एका खात्याने टाकलेला नवा थर बरोबर आपल्या साखळी क्रमांकापाशी, म्हणजे हद्दीच्या अंतराच्या खुणेपाशी, सुरीने कापल्यासारखा थांबतो, पुढे दोन-तीन इंचांची पायरी लागते, रोजचे दुचाकीस्वार तिथे सवयीने ब्रेक दाबतात, नवखे आपटतात, आणि ती पायरी उतार देऊन जुळवण्याचे काम दोन्हींपैकी एकाही खात्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

ही वाटणी कोणी केली, याचे उत्तर संविधानात अर्धेच मिळते. सातव्या अनुसूचीनुसार राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत आणि बाकीचे रस्ते व पूल राज्याच्या सूचीत आहेत. १९९२ मध्ये संमत होऊन १९९३ पासून अमलात आलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय आणि नागरी संस्थांसाठी बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदवले. रस्ते आणि पूल दोन्हीकडे आहेत. मात्र त्यांतले काय आणि किती द्यायचे, हे राज्याच्या विधिमंडळावर सोडलेले आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यापैकी कोणी कोणता रस्ता सांभाळायचा, यावर अनुसूची गप्प आहे. परिणामी विषय दिला गेला, पैसा सवडीने दिला गेला आणि अभियंत्यांची पदे कुठे भरली, कुठे रिकामी राहिली. जबाबदारी, पैसा आणि तांत्रिक माणूस या तीन गोष्टी एका छपराखाली आहेत का, ही माझी परीक्षणाची कसोटी आहे, आणि त्या कसोटीवर आपली बहुतेक रस्ते सांभाळणारी कार्यालये कुठे ना कुठे लंगडी पडतात.

सर्वांत जवळचे कार्यालय ग्रामपंचायतीचे. तक्रारदाराच्या सोयीपुरते पाहिले तर तिला पूर्ण गुण द्यावेत, कारण सरपंच रोज दिसतात, ग्रामसभेत त्यांना उभे करून विचारता येते आणि रस्त्यावर सांडपाणी नेमके कोणाच्या मोरीतून येते हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असते. अडचण पुढे येते. ग्रामपंचायतीकडे स्वतःचा अभियंता नसतो; अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकातील नोंद यांसाठी पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अभियंत्याची वाट पाहावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानातील ८० टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना ठरला, हे खरे. पण त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला आहे, आणि उरलेल्या अबंधित निधीवर शाळेच्या भिंतीपासून दिवाबत्तीपर्यंत सर्वांचा डोळा असतो.

या तोकड्या पैशाचे आणि उसन्या तंत्रज्ञानाचे फळ गावठाणात पायाखालीच दिसते. जुना सिमेंटचा रस्ता तडकला की तो उखडून नवा करण्याऐवजी त्याच्यावरच दुसरा थर ओतला जातो, काही वर्षांनी तिसरा. रस्ता वर वर चढत जातो आणि जुन्या घरांचे उंबरठे खाली राहतात. मग पावसाळ्यात रस्त्याचे पाणी ओसरीत येते आणि घरमालक दारापुढे विटांचा बांध घालतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगाव नळाच्या वाहिन्या टाकल्या गेल्या, तेव्हा याच रस्त्यांच्या कडेने चर खणले गेले आणि पुष्कळ ठिकाणी ते मातीनेच बुजवले गेले. रस्ता ग्रामपंचायतीचा, पाणी योजनाही शेवटी तिच्याच ताब्यात यायची, आणि तरीही चराची दुरुस्ती कोणाच्या बिलातून हा वाद उरतो. ग्रामपंचायतीला मी रस्त्याची राखणदार म्हणून चांगले गुण देईन. बांधणारी म्हणून देणार नाही.

जिल्हा परिषदेकडे अधिक काळजीने पाहिले पाहिजे, कारण राज्यातील एकूण रस्त्यांपैकी अर्ध्याहून अधिक लांबी ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग यांची आहे आणि ती तिच्याकडे आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. त्या समितीने सत्तेचा मुख्य आधार गावाऐवजी जिल्ह्याच्या पातळीवर ठेवला. रस्त्यांपुरते बोलायचे तर मला ही निवड आजही योग्य वाटते. रोलर, डांबर प्रकल्प आणि खडीच्या नमुन्याची चाचणी परवडेल एवढी लांबी जिल्ह्याकडे असते, आणि तरीही कार्यकारी अभियंता एका दिवसात पाहणी करून परत येईल एवढाच त्याचा पसारा असतो. कागदावर ही संस्था या कामासाठीच घडवलेली आहे.

प्रत्यक्षात तिच्या हातात रस्ते राहिले आणि पैशाची किल्ली दुसरीकडे गेली. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात थोडा वेळ बसले तरी ३०५४, ५०५४ आणि २५१५ हे आकडे कानावर पडत राहतात. ही लेखाशीर्षे, म्हणजे सरकारी खर्चाच्या खात्यांचे क्रमांक आहेत. ढोबळमानाने ३०५४ मधून देखभाल, ५०५४ मधून नवे बांधकाम आणि २५१५ मधून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे होतात. जिल्हा वार्षिक योजनेतून येणारा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत ठरतो. म्हणजे ज्या सदस्याच्या गटातून रस्ता जातो तो सदस्य, जिल्हा परिषदेच्या ज्या समितीकडे रस्ता आहे तिचा सभापती आणि ज्याच्या यादीवर काम मंजूर होते तो लोकप्रतिनिधी, ही अनेकदा तीन वेगवेगळी माणसे असतात. त्यातही जिल्हा परिषदेच्या मालकीच्या रस्त्याचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने करायचे आणि जिल्हा परिषदेने फक्त ना हरकत द्यायची, अशी वेळ येते. काम बिघडले की ना हरकत देणारा आणि काम करणारा एकमेकांकडे बोट दाखवण्यास मोकळे असतात.

यावर राजकीय मंडळींनी काढलेला तोडगा म्हणजे दर्जोन्नती. इजिमाची दर्जोन्नती करून त्याला प्रमुख जिल्हा मार्ग केले की तो बांधकाम विभागाकडे वर्ग होतो आणि मोठ्या निधीच्या रांगेत उभा राहतो. सत्कार होतात, फलक लागतात. वाहतूक खरोखर वाढली असेल तर ही दर्जोन्नती न्याय्य आहे. पण निव्वळ पैशाचा नळ तिकडे आहे म्हणून रस्ता तिकडे सरकवायचा असेल, तर त्यातून जिल्हा परिषद पोकळ होते आणि बांधकाम विभागाच्या डोक्यावर देखभालीची लांबी तेवढी वाढते. रस्त्याचे नाव बदलल्याने त्याच्या साइडपट्टीवरचे गवत कमी होत नाही.

याच पातळीवर एक चांगले उदाहरणही आहे आणि ते नोंदवणे न्यायाचे ठरेल. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत सपाट प्रदेशातील ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागातील २५० लोकवस्तीपर्यंतच्या वाड्यावस्त्या जोडण्याचे निकष ठरले. बांधणीच्या कंत्राटातच पाच वर्षांची देखभाल घातली गेली. आणि तपासणी तीन पदरी ठेवली गेली, म्हणजे काम करणाऱ्या यंत्रणेची स्वतःची, राज्य गुणवत्ता निरीक्षकांची आणि राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षकांची. रस्त्याच्या सुरुवातीला लांबी, खर्च आणि कंत्राटदाराचे नाव लिहिलेला फलक असतो. अनेक तालुक्यांत असे दिसते की योजनेतला रस्ता जवळच्या थोरल्या रस्त्यापेक्षा बरा राहिला आहे. येथे रस्ता कोणत्या पातळीचा हा प्रश्न नीट फोडलेला होता: मानके वरून, तपासणी बाहेरून, मालकी जिल्ह्याची. घसरण सुरू होते ती पाच वर्षे संपल्यावर, कारण तेव्हा कंत्राटातील देखभालीचा पैसा संपतो आणि रस्ता ३०५४ च्या आधीच लांबलेल्या यादीत सर्वांत खाली जाऊन बसतो.

ग्रामीण रस्ता बिघडतो तो केवळ हलगर्जीपणाने नव्हे, आणि इथे पातळीचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. हे रस्ते हलक्या वाहतुकीसाठी आखलेले असतात; त्यांच्यावरून हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर आणि वर्षभर खडी-मुरमाचे डंपर जातात. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचण्यांपासून अभियंते असे धरून चालतात की रस्त्याची झीज वाहनाच्या आसावरील (अ‍ॅक्सलवरील) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या चार चाकांच्या एका आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ फक्त पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास दिसते, पण चौथ्या घाताचा हिशेब केला तर झीज सुमारे १.६ पट होते. मर्यादा ठरवली केंद्राने, तिचे उल्लंघन पकडायचे राज्याच्या परिवहन विभागाने, वाहनकर गेला राज्याच्या तिजोरीत, इंधनावरील रस्ते उपकर केंद्राच्या निधीत, आणि दबलेली साइडपट्टी व रस्त्याखालची फुटलेली मोरी आली जिल्हा परिषदेच्या वाट्याला. ज्याच्या निर्णयाने रस्ता झिजतो त्याच्या खिशाला झळ बसत नाही, तोवर रस्ता खालच्या संस्थेकडे द्यावा की वरच्या, या चर्चेत फारसा जीव नाही.

मग सगळे रस्ते राज्याच्या बांधकाम विभागाकडेच का देऊ नयेत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. या विभागाकडे आराखडे तयार करणारी संकल्पचित्र मंडळे, दक्षता व गुणनियंत्रण पथके आणि मोठ्या पुलांचा अनुभव आहे, जो एका जिल्ह्याला परवडणार नाही. नदीवरचा पूल, घाटातील रस्ता, दोन जिल्ह्यांना जोडणारा मार्ग यांसाठी हीच पातळी योग्य. परंतु वरची पातळी म्हणजे चांगले काम असे मानणाऱ्याने मुंबई-गोवा महामार्गाकडे पाहावे. पनवेल ते इंदापूर हा सुमारे ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि पुढचा कोकणातील भाग राज्याच्या बांधकाम विभागाकडे असा तो वाटलेला आहे. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर गणेशोत्सवाला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी कितीतरी वर्षे दर पावसाळ्यात त्यावरचे खड्डे मोजले. केंद्राचा पैसा आणि राज्याचे अभियंते असूनही भूसंपादन, कंत्राटदारांची आर्थिक ओढाताण आणि कंत्राटे पुन्हा देणे यांत काम अडकले. उलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राज्य रस्ते विकास महामंडळाने २००२ पर्यंत पूर्ण वाहतुकीस खुला केला. दोन्ही कामे वरच्याच पातळीवरची. फरक एका कामाचा एकच धनी असण्याचा होता.

रस्त्याची पातळी भलत्याच कारणासाठी कशी बदलते, याचा नमुना २०१७ साली पाहायला मिळाला. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. त्यावर अनेक राज्यांत शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जा काढून ते नगरपालिका-महापालिकांकडे वर्ग करण्याची लगबग सुरू झाली. महाराष्ट्रात जळगावचा निर्णय त्यातून मोठ्या वादाचा विषय झाला. रस्ता तोच, वाहतूक तीच, खड्डेही तेच. बदलला तो फक्त धनी, आणि तोही रस्त्याशी संबंध नसलेल्या कारणासाठी. ज्या पालिकेला स्वतःचे गल्लीबोळ सांभाळणे जड जाते तिच्या माथी महामार्गाच्या रुंदीचा रस्ता मारताना त्याच्या पुढच्या डांबरीकरणाचा पैसा कोण देणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने नगरपालिका हद्दीतील परवानाधारकांना ही मनाई लागू नसल्याचे स्पष्ट केले आणि घाई ओसरली. या प्रकरणाची आठवण ठेवावी अशासाठी की रस्त्यांचे हस्तांतरण किती सहज होऊ शकते, हे त्यातून कळले. एरवी रस्ता वर्ग करून मागणाऱ्या गावाला वर्षानुवर्षे "प्रस्ताव शासनस्तरावर प्रलंबित आहे" एवढेच पत्र येते.

शहरांत प्रश्न वेगळा आहे. मुंबई महापालिकेकडे सुमारे दोन हजार किलोमीटर रस्ते आहेत, पण शहरात त्यांच्याशिवाय महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, बांधकाम विभाग, रस्ते विकास महामंडळ, बंदर प्राधिकरण अशा इतरांचेही रस्ते आहेत. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी बांधकाम विभागाचे, मग महानगर प्राधिकरणाचे आणि २०२२ मध्ये महापालिकेकडे सोपवण्याचा निर्णय झालेले. हा निर्णय मला पटतो. शिव्या महापालिकेनेच खायच्या असतील तर डांबरही तिच्याच हातात असावे, शिवाय पावसाळी गटारे तिची, पदपथ तिचे आणि खोदाईची परवानगीही तिचीच. पण मुंबईला हे झेपते ते तिच्या तिजोरीमुळे. जकात आणि तिच्या मागोमाग आलेला स्थानिक संस्था कर गेल्यानंतर इतर बहुतेक महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर आणि मालमत्ता करावर उभ्या आहेत, आणि नगर परिषदांचे हाल त्याहून वाईट. बाह्यवळण रस्ता झाला की गावातून जाणारा जुना महामार्ग अशा नगर परिषदेकडे देणे तर्काला धरून आहे. तो एकदा नीट दुरुस्त करून मगच देणे हे सौजन्य मात्र सर्वांच्या वाट्याला येत नाही.

आणि जिथे शहर आहे पण शहराची संस्था नाही, तिथे काय होते ते हिंजवडीत दिसते. माहिती-तंत्रज्ञान उद्योगाचे एवढे मोठे केंद्र ग्रामपंचायतीच्या हद्दीत. त्यात औद्योगिक विकास महामंडळाचे रस्ते, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, जिल्हा परिषद आणि बांधकाम विभाग यांचे आपापले तुकडे, आणि वरून मेट्रोचे काम. २०२५ च्या पावसाळ्यात तेथील रस्त्यांवर पाणी तुंबले तेव्हा रहिवाशांची आणि कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी निधीची नव्हतीच. कोणा एकाला जबाबदार धरा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले, आणि ती रक्कम दोषी कंत्राटदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. सेवेच्या इतिहासातील ही मोठी सुधारणा आहे, कारण हद्दीच्या वादाला आता किंमत चिकटली. माझी शंका एवढीच की दंड टाळण्यासाठी काही कार्यालये खड्डा बुजवण्याआधी हद्दीचा नकाशा काढतील.

शेतरस्त्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते या कोणत्याच पातळीत नीट बसत नाहीत. पाणंद अडवली तर दाद तहसीलदारांकडे, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ किंवा जमीन महसूल संहितेचे कलम १४३ यांच्या आधारे. ती बांधायची तर नोव्हेंबर २०२१ पासूनच्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीच्या मजुरीतून. पंचायतीचा ठराव लागतो, निर्णय महसूल खात्याचा. कुरकुर करण्याजोगे त्यात पुष्कळ आहे, पण भावकीच्या बांधावरच्या भांडणात गावातील सरपंचापेक्षा बाहेरचा अधिकारी बरा, असे माझे मत आहे.

आता गुणांकन. नगर परिषदांचे तिजोरीचे निमित्त खरे आहे, त्यामुळे त्यांना मी गुण देण्याचे टाळतो. बांधकाम विभागाला पाचपैकी तीन, तेही पुलांमुळे. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना आजच्या अवस्थेत पाचपैकी दोन. आणि तरीही गावाबाहेरचे, जिल्ह्याच्या आतल्या वाहतुकीचे सगळे रस्ते तिच्याकडेच असावेत, अशीच माझी शिफारस आहे. तिचे गुण कमी आहेत ते तिला पैसा ठरवता येत नाही म्हणून. प्रत्येक किलोमीटरमागे देखभालीची ठरलेली रक्कम, वाहनकरातून आणि इंधन उपकरातून, कोणाच्याही यादीशिवाय थेट तिच्या खात्यात आली, तर दर्जोन्नतीची धावपळ निम्मी आपोआप थांबेल. ग्रामपंचायतीला रस्ता बांधायला देऊ नये, पण दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, संपताना कंत्राटदाराची अनामत सोडण्याआधी ग्रामसभेचा ठराव आवश्यक करावा. मोरी तुंबते की नाही हे गावाइतके कोणाला कळत नाही. आणि खालच्या संस्थेकडे रस्ता वर्ग करताना त्याच्या स्थितीची नोंद आणि पुढच्या थराचा पैसा सोबत गेला नाही, तर ते हस्तांतरण वैध धरू नये.

यावर नेहमीचा आक्षेप असा की जिल्ह्याच्या पातळीवर ठेकेदार आणि पुढारी एकाच पंगतीला असतात. असतात हे खरे. पण तालुक्यातील तोच ठेकेदार ग्रामपंचायतीचे, जिल्हा परिषदेचे आणि बांधकाम विभागाचेही काम करतो, हेही तितकेच खरे. खाते बदलल्याने माणूस बदलत नाही. जिल्ह्यात निदान त्याच्या कामावर प्रश्न विचारणारे सभागृह असते, किंवा असायला हवे होते. २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदा आणि महापालिका निवडणुकांअभावी दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या, आणि त्या काळात रस्त्याविषयी प्रश्न विचारायला निवडून आलेला सदस्यच नव्हता. जिल्हा परिषदेला मी दिलेल्या दोन गुणांत या काळाचा वाटा आहे.

ज्यांना तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. आधी किलोमीटरचा दगड किंवा कामाचा फलक पाहावा. ग्राम सडक योजनेचा रस्ता असेल तर 'मेरी सडक' या अ‍ॅपवर छायाचित्रासह तक्रार देता येते. काहीच कळत नसेल, तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून तीन गोष्टी मागाव्यात: रस्त्याचा क्रमांक, शेवटच्या कामाचा कार्यारंभ आदेश आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख. रस्ता त्यांचा नसला तरी २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ६(३) नुसार तो अर्ज ५ दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. "आमच्याकडे नाही" म्हणून तो परत करता येत नाही. खड्ड्याच्या तक्रारीला हाच नियम लागू करायला नवा निधी लागत नाही, शासन निर्णय लागतो.